बागेतल्या होल्यांसाठी दुर्बीण : ८×४२ चे परीक्षण

दुर्बिणींची परीक्षणे बहुधा दूरच्या पक्ष्यांच्या हिशेबाने लिहिलेली असतात. तलावाच्या पलीकडच्या काठावरची बदके किंवा उंच घिरट्या घालणारे शिकारी पक्षी दुर्बिणीतून कसे दिसतात, यावर तिची प्रत ठरवली जाते. बडोद्यात दुर्बीण विकत घेणारी बरीच मंडळी मात्र ती सोसायटीच्या बागेत, गच्चीवर आणि सकाळच्या फेरीत सयाजीबागेत वापरतात, आणि तेथे पारवा सोडला तर वारंवार समोर येणारा पक्षी म्हणजे होला. होला सगळ्यांच्या ओळखीचा असतो, पण तो कोणत्या जातीचा हे विचारले की बहुतेकांचे उत्तर अडखळते. म्हणून हे परीक्षण मी होल्यांच्याच आधारे केले आहे, आणि त्यातून निघालेले माझे मत पुढील चर्चेला आधार म्हणून आधीच सांगून ठेवते: होल्यांच्या जाती वेगळ्या करण्यासाठी पक्षी किती मोठा दिसतो यापेक्षा त्याचा रंग किती खरा दिसतो याला अधिक महत्त्व आहे.

परीक्षणासाठी वापरलेली दुर्बीण ८×४२ मापाची (म्हणजे आठ पट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर व्यासाच्या पुढच्या भिंगांची), सरळ नळ्यांची, सुमारे साडेसहाशे ग्रॅम वजनाची आणि बारा हजार रुपयांच्या आसपास मिळणारी आहे. तिचे लोलक (प्रिझम) बीएके-४ या चांगल्या प्रतीच्या काचेचे असून भिंगांच्या सर्व पृष्ठांवर बहुस्तरीय लेप आहे, आतील पोकळीत नायट्रोजन भरलेला आहे, आणि सर्वांत जवळचा फोकस सुमारे २ मीटरवर लागतो. कंपनीचे नाव मी जाणूनबुजून देत नाही, कारण या किमतीत जवळजवळ एकाच घडणीच्या दुर्बिणी वेगवेगळ्या नावांनी विकल्या जातात. ग्राहकाने नावापेक्षा ही वैशिष्ट्ये तपासावीत, हे अधिक उपयोगाचे आहे.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो तो आकड्यांचा. रावपुऱ्याच्या बाजूला एका दुकानदाराने मला मोठ्या आपुलकीने “ताई, आठ कशाला घेता, ही वीसची बघा, थेट पंख मोजता येतील,” असे सांगितले. वीस पट मोठे दिसते हे खरे असले, तरी हाताची थरथरही वीस पटच मोठी होते, आणि तिवईशिवाय अशा दुर्बिणीतून होल्याची मान म्हणजे एक हलणारा करडा डाग दिसतो. आठ पट वाढवणाऱ्या दुर्बिणीतून २४ मीटरवरचा पक्षी ३ मीटरवर असल्यासारखा दिसतो. बागेतील अंतरे एवढीच असतात, तेव्हा त्याहून जवळ आणण्याची गरज पडत नाही. दुसरा लाभ दृष्टिक्षेत्राचा आहे. या दुर्बिणीतून १००० मीटरवर सुमारे १३० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, म्हणजे २० मीटरवर अडीच मीटरहून थोडी अधिक जमीन एका वेळी नजरेत येते. होले जमिनीवर दाणे टिपत सतत इकडेतिकडे सरकतात आणि किंचित चाहूल लागताच फडफडून उडतात, त्यामुळे अरुंद क्षेत्राच्या दुर्बिणीतून ते शोधण्यातच वेळ जातो.

आता प्रत्यक्ष पक्ष्यांकडे वळते. बडोद्याच्या उपनगरांत, म्हणजे गोत्री, वासणा, मांजलपूर, समा या बाजूंना, जेथे बंगल्यांपुढे थोडी मोकळी माती, कुंड्या आणि पाण्याचे परळ असतात, तेथे सर्वाधिक भेटतो तो छोटा तपकिरी होला. त्याची लांबी सुमारे २६ सेंटीमीटर, म्हणजे साळुंकीएवढी किंवा किंचित अधिक, आणि बांधा सडपातळ असतो. दुरून तो नुसता मातकट गुलाबी वाटतो, पण त्याची खरी खूण गळ्याच्या पुढील बाजूस असते: तांबूस आणि काळ्या बारीक ठिपक्यांची एक रुंद पट्टी. पक्षी समोरून पाहिला तरच ती नीट दिसते, आणि नेमकी येथेच स्वस्त व बऱ्या दुर्बिणीतील तफावत उघड होते. हलक्या प्रतीच्या दुर्बिणीत ही पट्टी एकसारखी तपकिरी सावली होऊन बसते. या दुर्बिणीतून मात्र वीस-पंचवीस मीटरवरूनही तांबूस आणि काळा हे दोन रंग एकमेकांपासून वेगळे निघाले. पंखाच्या कडेला असलेला राखी-निळा पट्टाही तसाच स्पष्ट दिसला, आणि मला तो गळ्यापेक्षाही भरवशाचा वाटतो, कारण पक्षी पाठमोरा असला तरी तो दिसतो.

सरळ नळ्यांच्या दुर्बिणीत प्रकाश लोलकातून जाताना त्याच्या लहरींचा मेळ थोडा बिघडतो आणि बारीक नक्षीचा उठाव कमी होतो. तो दोष काढण्यासाठी लोलकावर एक विशेष लेप द्यावा लागतो, त्याला विक्रेते ‘फेज कोटिंग’ म्हणतात. या किमतीच्या सगळ्याच दुर्बिणींत तो नसतो. माहितीपत्रकात त्याचा स्पष्ट उल्लेख असेल तरच दुर्बीण घ्यावी, असे मी सुचवेन. होल्यांच्या मानेवरील नक्षी हा या लेपाचा उत्तम निकष आहे.

ठिपकेवाल्या होल्याची ओळख वरकरणी सोपी वाटते. सुमारे ३० सेंटीमीटरचा हा पक्षी, मानेच्या मागील बाजूस काळ्या पटावर पांढऱ्या ठिपक्यांची बुद्धिबळासारखी जाळी, आणि पाठीवर व पंखांवर फिकट गुलाबी ठिपके, एवढे पाहिले की काम झाले. अडचण प्रकाशाची आहे. हा होला दाट सावली पसंत करतो, आणि सयाजीबागेत तो मोठ्या झाडांखालच्या पालापाचोळ्यात, वाटांच्या कडेला, सकाळी लवकर खाली उतरतो. १८७९ मध्ये महाराज सयाजीराव तिसरे यांनी वसवलेल्या, विश्वामित्रीच्या दोन्ही काठांवर पसरलेल्या या बागेत जुन्या वृक्षांची सावली इतकी गर्द आहे की सूर्य वर येईपर्यंत खाली अर्धवट अंधारच असतो. अशा वेळी दुर्बिणीचा दुसरा आकडा कामाला येतो. ४२ मिलिमीटरच्या वस्तुभिंगाला (पुढच्या मोठ्या भिंगाला) आठने भागले की सव्वापाच येतात, म्हणजे डोळ्यापाशी सव्वापाच मिलिमीटर व्यासाचा प्रकाशझोत पोहोचतो. १०×४२ मध्ये तोच ४.२ वर येतो, आणि खिशात मावणाऱ्या ८×२५ मध्ये ३.१ वर. भर उन्हात बुबुळाची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडत असल्याने हा फरक जाणवत नाही. झाडाखालच्या मंद प्रकाशात मात्र तो लगेच ध्यानात येतो. खिशातल्या दुर्बिणीतून मला जो पक्षी केवळ काळसर आकार दिसला, त्याच्या मानेवरची पांढरी टिंबे या दुर्बिणीतून सहज दिसली.

थोडे विषयांतर होईल, पण बडोदेकरांना हे ठाऊक असावे म्हणून लिहिते. या दोन होल्यांच्या भारतातील रूपांना शास्त्रीय नावे मिळाली ती आपल्याच शेजारच्या दोन बंदरांवरून. ठिपकेवाल्याला सुरतेवरून ‘सुराटेन्सिस’ आणि छोट्या तपकिरीला खंभातवरून ‘कॅम्बायेन्सिस’ ही नावे जर्मन निसर्गशास्त्रज्ञ ग्मेलिन यांनी १७८९ मध्ये दिली. ज्या पक्ष्याला आपण अंगणातला म्हणून फारसे मोजत नाही, त्याचा शास्त्रातील जन्मदाखला गुजरातच्या किनाऱ्यावरचा आहे.

पठाणी होला हा दुर्बिणीची सर्वांत कठोर परीक्षा घेणारा पक्षी ठरला. सुमारे ३२ सेंटीमीटरचा, फिकट राखी-पिवळसर रंगाचा, आणि मानेच्या मागे पांढऱ्या कडेची काळी अर्धी पट्टी असलेला हा होला शहराच्या कडेला, शेतांच्या आणि नव्या वसाहतींच्या सीमेवर विजेच्या तारांवर बसलेला दिसतो. फिकट पक्षी आणि त्यामागे लखलखीत आकाश, अशा जोडीत साध्या काचेच्या भिंगाचा दोष हमखास उघडा पडतो: पक्ष्याच्या एका कडेला जांभळी आणि दुसऱ्या कडेला हिरवट किनार दिसू लागते. या दुर्बिणीतही ती दिसते. क्षेत्राच्या मध्यभागी ती सौम्य असते, पण पक्षी कडेच्या बाजूला गेला की काळ्या पट्टीला लागून जांभळी रेघ उमटते आणि पट्टीची पांढरी कड त्यात हरवते. ‘ईडी’ काच (रंग कमी फाकवणारी खास काच) वापरलेल्या दुर्बिणीत ही किनार बरीच कमी होते, परंतु त्यांची किंमत दुपटीच्या पुढे जाते. केवळ होल्यांसाठी तेवढा खर्च करावा असे मला वाटत नाही, कारण पठाणी होल्याला ओळखण्यासाठी शेपटीचा आधार घेता येतो. तो तारेवरून उठून उतरताना शेपूट पसरतो तेव्हा खालून तिचा बुंध्याकडचा अर्धा भाग काळा आणि टोकाकडचा अर्धा पांढरा दिसतो, आणि हा विरोध एवढा ठळक असतो की रंगीत किनारीने काही बिघडत नाही. माणसाच्या वस्तीशी जुळवून घेण्यात हा पक्षी पटाईत आहे. विसाव्या शतकात तो बाल्कन प्रदेशातून झपाट्याने युरोपभर पसरला आणि १९५५ मध्ये ब्रिटनमध्ये त्याने घरटे केले.

पठाणी होल्याच्या मानेवरील काळ्या पट्टीमुळे घोटाळा होतो तो लाल होल्याशी. लाल होल्यालाही मानेच्या मागे काळी अर्धी पट्टी असते, पण तो या चौघांत सर्वांत लहान, सुमारे २३ सेंटीमीटरचा, आखूड शेपटीचा आणि गुटगुटीत असतो. नर ओळखायला कठीण नाही: डोके राखाडी-निळे आणि पाठ व पंख वाइनसारखे तांबूस. होल्यांमध्ये नर-मादी सहसा सारखेच दिसतात, येथे मात्र मादी तपकिरी असते आणि ती पठाणी होल्याची छोटी, किंचित गडद प्रत वाटते. दुर्बिणीतून आकाराचा अंदाज फसवा होतो, कारण शेजारी मोजण्याजोगे काही नसले तर जवळचा लहान पक्षी आणि दूरचा मोठा पक्षी सारखेच भरतात. त्यावर उपाय असा की पक्ष्याजवळ साळुंकी, चिमणी किंवा पारवा असेल तोपर्यंत थांबावे. पक्ष्यांना दाणे टाकण्याच्या चबुतऱ्याखाली सांडलेल्या ज्वारी-बाजरीवर हे सगळे एकत्र येतात, त्यामुळे बडोद्यात ही सोय आपोआप होते. साळुंकीहून लहान दिसला तर तो लाल होला, आणि पारव्याच्या जवळपास भरला तर पठाणी.

लाल होल्याच्या बाबतीत या दुर्बिणीबद्दल मी समाधानी आहे, कारण तिच्या काचेला पिवळट झाक नाही. स्वस्त भिंगांतून पांढरी भिंतही किंचित सायीच्या रंगाची दिसते, आणि अशा भिंगातून वाइनसारखा तांबूस आणि साधा तपकिरी यांतला फरक पुसला जातो. दुकानात ही गोष्ट पारखण्याची सोपी रीत आहे. पांढरा कागद टेबलावर ठेवावा, दुर्बीण उलटी धरून वस्तुभिंगांतून त्याकडे पाहावे आणि कागदाचा रंग उघड्या डोळ्यांना दिसतो तसाच आहे का, ते बघावे. फार पिवळा किंवा निळा वाटला तर ती दुर्बीण परत करावी.

पिल्लांविषयी वेगळे सांगणे भाग आहे. नुकत्याच उडू लागलेल्या ठिपकेवाल्याच्या मानेवर जाळी नसते, आणि छोट्या तपकिरीच्या पिल्लाच्या गळ्याची पट्टी नसल्यात जमा असते. पावसाळ्याच्या आसपास, आणि होले वर्षात अनेकदा वीण घालत असल्यामुळे इतर महिन्यांतही, अशी साधी तपकिरी पिल्ले बागेत दिसतात, आणि मानेवर भरवसा ठेवणारा येथे हमखास गोंधळतो. तेव्हा पाठ पाहावी. पाठीवर फिकट ठिपके असतील तर ठिपकेवाला; पाठ बिनठिपक्यांची आणि पंखाच्या कडेला राखी-निळसर छटा असेल तर छोटा तपकिरी. ही छटा पाहताना दुर्बिणीच्या रंगशुद्धतेचा उपयोग पुन्हा होतो.

जवळच्या फोकसबद्दल फार कोणी विचारत नाही, पण घरच्या निरीक्षणात त्याचा मोठा आनंद आहे. होले गॅलरीतील कुंडीत, एसीच्या बाहेरच्या पेटीवर किंवा खिडकीच्या कडेवर चार-सहा काड्यांचे विरळ घरटे करतात आणि त्यात बहुधा दोन पांढरी अंडी घालतात. घरट्याजवळ न जाता, खोलीच्या आतूनच, अडीच-तीन मीटरवरून या दुर्बिणीतून पिल्लाच्या चोचीवरची कातडी दिसते, आणि आई-बाप आपल्या गळ्यातील अन्नपिशवीतला दुधासारखा स्राव भरवताना पाहता येतात. परळावर उतरलेला होला पाणी कसे पितो, तेही असेच पाहावे: बहुतेक पक्षी घोट घेऊन मान वर करतात, होला आणि पारवा मात्र चोच पाण्यात बुडवून एका दमात ओढून घेतात.

चश्मा वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. नेत्रिकेपासून (डोळ्याजवळच्या भिंगापासून) डोळा किमान १५ मिलिमीटर दूर ठेवून पूर्ण चित्र दिसले पाहिजे. या दुर्बिणीत मला तसे दिसले, फक्त नेत्रिकेभोवतीचे रबरी कप (आयकप) खाली दाबून ठेवावे लागले. दुसरी गोष्ट म्हणजे उजव्या नेत्रिकेवरील डायॉप्टरची, म्हणजे दोन डोळ्यांतील नजरेचा फरक जुळवणारी, कडी. डावा डोळा उघडा ठेवून मुख्य चाकाने फोकस घ्यावा, मग डावा झाकून उजव्यासाठी कडी फिरवावी, आणि तो आकडा लक्षात ठेवावा. मी दुर्बीण ज्यांना पाहायला देते त्यांपैकी बहुतेकांनी ही जुळणी न करता “दुर्बीण धूसर आहे” असा शेरा मारला आहे. या कडीत थोडा अधिक घट्टपणा हवा होता. पिशवीतून काढताना ती सरकते.

बाकी उणिवा किरकोळ आहेत, पण आहेत. गळ्यातला पट्टा अरुंद असून अर्ध्या तासात मानेला टोचतो, तेव्हा रुंद पट्टा वेगळा घ्यावा. वस्तुभिंगांची झाकणे सैल बसतात. फोकसचे चाक नवे असताना जड फिरत होते, वापराने ते सैल झाले. चित्राच्या अगदी कडेला धूसरपणा आहे, पण पक्षी मध्यभागी ठेवूनच पाहिला जात असल्याने मला त्याचा त्रास झाला नाही. पावसाळ्यात बुरशीची भीती असते. आतील नायट्रोजनमुळे आत बाष्प धरत नाही, तरी वापर झाल्यावर बाहेरून पुसून, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी. पुसताना आधी फुंकणीने किंवा मऊ ब्रशने धूळ काढावी आणि मगच मायक्रोफायबरचे कापड फिरवावे, कारण धुळीसकट पुसल्यास लेपावर ओरखडे पडतात.

दुर्बीण घेतल्यावरही कानाची गरज संपत नाही, आणि हे विक्रेते सांगत नाहीत. पानांच्या आड बसलेला होला डोळ्यांना अनेकदा लाभत नाही, त्याचा आवाज मात्र चहूकडून येतो. छोट्या तपकिरीचे घुमणे मऊ, खदखदणारे आणि हलक्या हसण्यासारखे असते. पठाणी होला तीन ठाशीव स्वर म्हणतो, ‘कु-कूऽ-कु’, आणि मधल्यावर जोर देतो. ठिपकेवाला ‘क्रू-क्रुक-क्रू’ असे खोल, सावकाश घुमतो. लाल होल्याचा आवाज घाईचा, एका घर्घरीत ओढलेला असतो. आवाजावरून पक्षी ओळखणारी मोफत अ‍ॅप मोबाईलवर मिळतात आणि शांत सकाळी ती बरी चालतात, पण रस्त्यालगतच्या बागेत वाहनांच्या जड आवाजात होल्याचा घोगरा आवाज मिसळून जातो. मोबाईलच्या कॅमेऱ्याने अंकीय झूम करून काढलेल्या छायाचित्रात मानेवरची नक्षी बहुधा चौकोनांत विरघळते, म्हणून त्याला मी दुर्बिणीचा पर्याय मानत नाही.

कोणी घेऊ नये, तेही सांगते. डभोईजवळचा वढवाणा जलाशय, ज्याला २०२१ मध्ये रामसर स्थळाचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाला, तेथे हिवाळ्यात येणाऱ्या बदकांसाठी ही दुर्बीण अपुरी पडते. तेथे तिवईवर बसवायची मोठी एकनळी दुर्बीण (स्पॉटिंग स्कोप) लागते, आणि ज्यांचे मन तिकडे ओढ घेते त्यांनी बारा हजार येथे घालण्यापेक्षा थोडे थांबून तिच्यासाठी पैसे जमवावेत. लहान मुलांसाठी साडेसहाशे ग्रॅम वजन जड होते, त्यांना ६×३० किंवा ८×३० मापाची हलकी दुर्बीण द्यावी. ज्येष्ठ नागरिकांना मात्र ही दुर्बीण मी निःसंकोच सुचवेन, कारण साठीनंतर बाहुली फारशी उघडत नाही आणि सव्वापाच मिलिमीटरचा झोत त्यांना पुरेसा असतो. त्याहून मोठ्या भिंगाचे वजन वागवण्यात त्यांना काही लाभ नाही.

खरेदीच्या वेळी दुकानाबाहेर जाऊन पाहण्याचा आग्रह धरावा. समोरच्या इमारतीच्या कंगोऱ्यावर बसलेला पारवा किंवा तारेवरचा होला घ्यावा, त्याच्या मानेवर फोकस स्थिर करावा, पक्षी चित्राच्या मध्यातून हळूहळू कडेपर्यंत नेऊन रंगीत किनार कितपत वाढते ते पाहावे, आणि दोन्ही नळ्यांतून दिसणारे चित्र डोळ्यांना न ताणता एकच वाटते की नाही, याची खात्री करूनच पैसे द्यावेत. नळ्या किंचितही तिरप्या बसलेल्या असतील तर पहिल्या मिनिटाला काही जाणवत नाही, पण दहा मिनिटांनी डोके दुखू लागते. म्हणून दुकानदार घाई करीत असला तरी तेवढा वेळ तेथे उभे राहावे.